खोक्यातून पाठवलेला संसार

एडनालिनने कार्डासाठी लग्न केलं, असं आजही कोडियाकमध्ये कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी या बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात वीसेक वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर उभी आहे, हातात कायम सुरी असते, त्यामुळे म्हणणारा बहुतेक वेळा पुढचं वाक्य गिळतो. माझं नाव नेनिता. वयाने मोठी म्हणून सगळ्या मला मानांग म्हणतात, थोरल्या बहिणीला आमच्या इलोकानो लोकांत तसंच म्हणतात. थोरल्या बहिणीने कधी गोड बोलायचं आणि कधी कान उपटायचा, हे तिचं तिने ठरवायचं असतं. एडनालिनच्या बाबतीत मला दुसरंच जास्त करावं लागलं.

बाईमाणूस मात्र सोन्यासारखं. आमच्या देशातल्या लाओआगजवळच्या खेड्यातली, अंगाने काडी, आणि सॅल्मनचं पोट फाडायला लागली की शेजारचे दोन बाप्ये मागे पडायचे. बोलायची कमी. हसली की तोंडावर हात धरायची, आणि हाताला रबरी हातमोजा आणि मोज्याला माशाचे खवले, त्यामुळे दुपारपर्यंत तिचे गाल चकाकायला लागायचे. कारखाना माशांची डोकी टाकून देतो. ती आम्ही बायका पिशव्या भरून घरी नेतो आणि चिंच घालून आंबट कढण करतो. एडनालिनचा नवरा डेल ते कढण दोन वाट्या प्यायचा, वर डोळाही चोखायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून सांगते.

डेल इथलाच, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, उंच, लालसर दाढीचा. एडनालिनच्या चुलतभावाबरोबर एका बोटीवर कामाला होता. त्याच्यासोबत सुट्टीत लाओआगला गेला, हिला पाहिलं, पुढच्या वर्षी परत गेला आणि चर्चमध्ये लग्न लावून आला. दोन डुकरं कापली, सगळं गाव जेवलं. वर्षभराने हिचा व्हिसा झाला आणि ही इथे आली.

आता कार्डाचं सांगते, कारण सगळी माती तिथेच झाली. लग्न नवं असताना जी बायको येते तिला इथलं सरकार राहायचं आणि काम करायचं दोनच वर्षांचं कार्ड देतं. मुदत संपत आली की नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, आमचा संसार खरा आहे असं दाखवायचं, मग पक्कं कार्ड. माझंही तसंच झालं होतं. माझा नवरा तेव्हा जिवंत होता, त्याने सही ठोकली आणि भात खायला बसला. एवढंच ते काम.

एडनालिनचं काम एवढं राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी डेल ऑरेगनला बोट दुरुस्तीला म्हणून गेला आणि तिथे एका बाईकडे राहिला. फोन करून म्हणाला, तुझी काही चूक नाही गं, माझंच मन लागत नाही. मन लागत नाही. माझ्या पट्ट्यावर रोज हजार मासे येतात, मी कधी म्हटलं का माझं मन लागत नाही? वर मित्रांना सांगत सुटला की तिने कार्डासाठीच लग्न केलं होतं, मला फार उशिरा कळलं. स्वतः दुसरीच्या घरात, आणि बोंब बायकोच्या नावाने. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. कारखान्याच्या जेवणघरात ते बोलणं चहासारखं फिरलं, आणि ज्या माणसांनी एडनालिनच्या हातची केळीची भजी खाल्ली होती त्यांनीच माना डोलावल्या.

मग घटस्फोटाचे कागद आले. एक माणूस दाराशी येऊन देऊन गेला. एडनालिनने पाकीट उघडलं, वाचलं, परत बंद केलं आणि तांदळाच्या पोत्याखाली सारलं. आमच्या देशात घटस्फोट नाही. कायद्यातच नाही. लग्न रद्द करून घ्यायचं तर कोर्टात आयुष्य जातं. त्यामुळे आमच्या बायकांच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी बसलेली असते, की आपण सही केली नाही तर कोणाचा बाप आपलं लग्न मोडू शकत नाही. त्या खिळ्यावर शेवटचा हातोडा मारला अग्बायानीबाईंनी.

अग्बायानीबाई म्हणजे आमच्या प्रार्थनामंडळाच्या पुढारी. गळ्यात क्रूस, हातात कायम कोणाचं तरी भांडं परत करायला आणलेलं, आणि जिभेवर सल्ला. त्या एडनालिनला म्हणाल्या, पोरी, सहीच करू नकोस, उत्तरही देऊ नकोस, लग्न आपल्या चर्चमध्ये लागलंय, इथल्या कोर्टाचा काय संबंध. तिथे बसलेल्या चौघीजणी आमेन म्हणाल्या. मी तेव्हा सिअॅटलला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. परत आले तोवर कोर्टाने एकतर्फी निकाल देऊन टाकला होता. ही उत्तर देत नाही, हजर होत नाही, मग न्यायाधीश काय आरती ओवाळत बसणार? हुकूमनामा टपालाने आला. तोही पोत्याखाली गेला.

मला हे कळलं ते तिच्याकडे तांदूळ मागायला गेले म्हणून. पोतं उचललं तर खाली दोन पाकिटं. वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "हे काय आहे?"

"काही नाही, मानांग. मी सही केलेली नाही."

"अगं, सहीशिवायच झाला आहे तो. तू घटस्फोटित आहेस."

तिने माझ्या हातातून पाकिटं घेतली, होती तिथे ठेवली, वर पोतं ठेवलं आणि तांदूळ मोजायला लागली. मग हळूच म्हणाली की हे कोणाला सांगू नका, कारण घटस्फोट झाला म्हटलं की त्याच दिवशी कार्ड जातं, अग्बायानीबाई म्हणाल्यात. कार्डाची मुदत हिवाळ्यात संपत होती. कार्ड गेलं की कारखान्याचं काम गेलं, आणि लाओआगच्या घरात त्या पगारावर आई, आजारी बाप आणि शिकणारी धाकटी बहीण जगत होती.

एवढ्यावर थांबतील त्या अग्बायानीबाई कसल्या. त्यांनी दुसरी शक्कल काढली. डेलला फोन करायचा आणि म्हणायचं, तेवढी एक सही कर, आम्ही अजून एकत्र आहोत म्हणून. एडनालिनने खरंच फोन केला. आणि तो काय म्हणाला असेल? म्हणाला, पाठव की, माझं काय जातंय. हे ऐकल्यावर मला इतका राग आला की हातातला कप मी मोरीत आपटला. लग्न मोडताना याचं काही गेलं नाही, आता मोडलेलं लग्न धडधाकट आहे असं सरकारला लिहून देतानाही काही जात नाही. या माणसाची सही म्हणजे गटारातलं पाणी, जिकडे उतार तिकडे.

मी म्हटलं, असला खोटा कागद तू पाठवायचा नाहीस. ती शांतपणे म्हणाली, "खोटं काय त्यात, मानांग? मी तर त्याची बायकोच आहे."

आणि ती तसं मनापासून मानत होती. तिथेच माझी पंचाईत झाली. लबाड माणसाला दोन शिव्या देता येतात. हिला काय देणार?

मी तिला दंडाला धरून अँकरेजहून महिन्यातून एकदा येणाऱ्या वकीलबाईंकडे नेलं. मार्गो त्यांचं नाव, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायच्या, गरिबांकडून पैसे घ्यायच्या नाहीत. त्यांनी दोन्ही पाकिटं वाचली आणि सांगितलं की घटस्फोटाने कार्ड आपोआप जात नाही. नवरा सही करायला नसेल तर बायको एकटीने अर्ज करू शकते, त्याची सोय कायद्यातच आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा जोडायचा, आणि लग्न केलं तेव्हा ते खरं होतं, कार्डासाठी केलेलं नाटक नव्हतं, हे दाखवायचं. पुढे मोडलं हा गुन्हा नाही. पण घटस्फोट झालेला असताना नवऱ्याची सही घेऊन एकत्र असल्याचा अर्ज केला तर मात्र खोटेपणा धरतात, आणि मग खऱ्या लग्नावरही कोणी विश्वास ठेवत नाही. जो पोत्याखाली दडवलेला कागद होता, तोच हिला तारणार होता. अग्बायानीबाई असत्या तर मी त्यांच्यापुढे तो जोरात वाचला असता.

"पण मला स्वतःच्या हाताने लिहावं लागेल, घटस्फोटित म्हणून?" एडनालिनने विचारलं.

"हो. आणि खाली सही," मार्गोबाई म्हणाल्या.

तिने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. मी काही बोलले नाही, आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. शेवटी तिने लिहिलं, लहान मुलासारखं, एकेक अक्षर दाबून.

मग पुराव्याचा प्रश्न आला. दोघांच्या नावाचं बँकखातं? नाही. घरभाडं, वीजबिल? घर डेलच्या आईचं, वीज तिच्या नावावर, गाडी डेलची. त्या दळभद्र्याने दारातल्या टपालपेटीवरसुद्धा बायकोचं नाव घातलं नव्हतं. कारखान्यातल्या दोघी आणि त्यांच्या घराशेजारचा म्हातारा, तिघांनी लिहून दिलं की हे नवरा-बायको म्हणून राहत होते. ते चांगलंच, पण मार्गोबाई म्हणाल्या फोटो हवेत. तर फोटो एकही नाही. डेलच्या फोनमधले डेलबरोबर गेले. हिने आपल्या फोनमधले लाजेने त्याच दिवशी पुसून टाकले होते.

"सगळे छापलेले फोटो आईकडे आहेत," ती म्हणाली.

आमच्या लोकांची ही खोड. चार पैसे हातात आले की कमरेएवढं पुठ्ठ्याचं खोकं आणायचं आणि भरायला घ्यायचं. साबण, कॉफी, डबाबंद मांस, चॉकलेट, जुने बूट, नवे टॉवेल, आणि फटींत मोजे कोंबायचे. वरून चिकटपट्टीचे वेढे, आणि बोटीने घरी रवाना. इथे आपण फाटक्या गादीवर झोपू, पण खोकं गच्च गेलं पाहिजे. एडनालिन प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर फोटोंचं पाकीट ठेवायची, गावाला दिसावं म्हणून. लग्नाचा अल्बम लाओआगलाच राहिला होता. पहिल्या बर्फाचे, नाताळचे, वाढदिवसाचे, सगळे फोटो तिकडे भिंतीवर काचेत. तिने आपला संसार खोक्यांत भरून घरी पाठवून दिला होता आणि इथे स्वतःसाठी काडीही ठेवली नव्हती. असं आमच्याशिवाय कोणी करणार नाही.

खरी अडचण वेगळीच होती. आईला तिने काही सांगितलंच नव्हतं. डेल लांबच्या बोटीवर आहे, हेच चाललं होतं. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटल्यावर, तिकडे सकाळ असते तेव्हा, तिने माझ्या घरून फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता म्हणून मलाही ऐकू आलं. तिने एका दमात सांगितलं, डेल गेला, कोर्टाने लग्न मोडलं, मला फोटो हवेत. पलीकडे फक्त कोंबडे ओरडत होते. मग आई म्हणाली, "पाठवते," आणि फोन बंद झाला.

फोटो आणले तिच्या चुलतभावाने, हंगामाला परत आला तेव्हा. माझ्याच स्वयंपाकघरात आम्ही ते पाकीट उघडलं. पहिला फोटो लग्नाचा. एडनालिन पांढऱ्या झग्यात, फुलं घेतलेली, आणि तिच्या शेजारी भोक. उंच माणसाच्या आकाराचं, दाढीसकट नीट कापलेलं भोक, त्यातून माझ्या टेबलाचं मेणकापड दिसत होतं. दुसऱ्यात तिचा बाप कोंबडा धरून उभा, शेजारी भोक. तिसऱ्यात नाताळचं झाड आणि भोक. आईने नखं कापायच्या कात्रीने सगळ्या फोटोंतून डेल कापून काढला होता.

मी फार वाईट बोलले त्या बाईबद्दल. पोरीच्या गळ्याशी आलंय आणि ही म्हातारी कात्री घेऊन बसली, असं बरंच काही. एडनालिनने ऐकून घेतलं. मग तिने लग्नाचा फोटो उचलून माझ्यापुढे धरला. तिच्या खांद्यावर चार बोटं होती. लालसर केसांची, जाड, तेलाने काळवंडलेल्या नखांची. चौथा फोटो बर्फातला होता, कारखान्याच्या दारात मीच काढलेला, डेलच्या फोनने. तिच्या बुटाची नाडी सुटली होती आणि तो गुडघ्यावर बसून बांधत होता. त्यातून तो गेला होता, पण नाडीवरचे दोन हात राहिले होते, कारण ते कापायचे तर पोरीचा पाय कापावा लागला असता. सगळ्या फोटोंत असंच. जिथे जिथे त्याने हिला धरलं होतं, तिथे तिथे तो राहिला होता.

मार्गोबाईंनी फोटो पाहिले आणि चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, असेच जोडू.

मुलाखतीला अँकरेजला बोलावलं तेव्हा महिने उलटून गेले होते. अर्ज पोचल्याच्या पावतीवर तिचं काम मात्र चालू राहिलं. मी दुभाषी म्हणून सोबत गेले, कारण घाबरली की एडनालिनचं इंग्रजी पळून जातं. अधिकारी वयस्कर, कोरडा, केस बारीक कापलेले. विचारायला लागला, नवरा कुठल्या कुशीवर झोपायचा, न्याहारीला काय खायचा, सासूचं नाव काय. ती खाली मान घालून पुटपुटत होती, मी सांगत होते. शेजारी बसलेल्या मार्गोबाईंनी टेबलाखालून मला एक लाथ मारली, कारण मी उत्तरं जरा वाढवून देत होते.

मग त्याने अर्जाला जोडलेले फोटो बाहेर काढले. एकेक उजेडाकडे धरून पाहिला. म्हणाला, या फोटोंत नवरा कुठेच नाही, मग हा नवऱ्याचा पुरावा कसा मानायचा? आणि लोकांनी लिहून दिलंय खरं, पण तुमचा नवरा तर म्हणतो की तुम्ही कार्डासाठी लग्न केलं. ते कोर्टाच्या कागदांत होतं म्हणे. त्या मेल्याने तिथेही लिहून ठेवलं होतं.

एडनालिनने मान वर केली. इतकी वर्षं मी तिला ओळखते, तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. ती आमच्या भाषेत बोलली, आणि मी शब्द न् शब्द त्या माणसाला सांगितला, एकही न वाढवता.

"माझी आई गरीब आहे, साहेब. ती फोटो फाडत नाही, काचेत लावते. लग्न खोटं असतं तर तिने कात्री कशाला हातात घेतली असती? खोट्या जावयावर कोणी एवढं चिडतं का?"

मग त्या माणसाने बर्फातला फोटो पुन्हा उचलला. "हे हात कोणाचे?" त्याने विचारलं.

"त्याचेच. आईची कात्री सगळीकडे पोचली, इथे पोचली नाही. इथे मी होते."

त्याने काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, तुम्ही जाऊ शकता. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. बाहेर आल्यावर एडनालिन भिंतीला टेकली आणि थरथरायला लागली. मला वाटलं रडते आहे. ती रागाने थरथरत होती. लाज वाटून वाटून दोन वर्षं जी बाई गप्प बसली होती, तिला राग आता आला, रीतसर, सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात. मी त्या रागाला मनात म्हटलं, ये बाबा, जरा उशीर केलास, पण ये.

पक्कं कार्ड टपालाने आलं. ती ते घेऊन जेवणघरात आली आणि कोणाला काही न बोलता डब्याशेजारी ठेवून जेवायला बसली. सगळ्यांनी पाहिलं. अग्बायानीबाई म्हणाल्या, प्रार्थनेला फळ आलं. मी त्यांना कोणत्या प्रार्थनेला ते विचारलं आणि त्या भांडं परत करायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा माझ्या घरून आईला फोन लावला. आईने कार्डाचं ऐकलं, देवाचे आभार मानले, बापाच्या औषधांचं सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाली की ते कापलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत. टाकवले नाहीत. आपल्या घरात जेवून गेलेला माणूस. काय करू त्यांचं?

"चुलीत घाल, आई," एडनालिन म्हणाली.

"बरं. आणि फोटो परत आले की मी पुन्हा भिंतीला लावीन. पण त्यात त्याचे हात राहिलेत गं. मोठी कात्री आणून बघू का?"

एडनालिनने फोटोंचं पाकीट मांडीवर घेतलं होतं. वरचा फोटो बर्फातला होता. तिने तो पालथा घातला, पुन्हा सुलटा केला.

"नको. हात राहू दे. तेव्हा ते खरे होते."

मी असते तर तेही कापले असते. पण लग्न तिचं होतं.